किशोर जलतरणपटूंची खांदेदुखी : कारणे, उपचार आणि पुनरागमन

स्पर्धात्मक जलतरणात खांदेदुखी ही सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे. केनेडी व हॉकिन्स यांनी १९७४ मध्ये तिला ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव दिले. दुबई सिलिकॉन ओएसिससारख्या वसाहतींतून शाळेपूर्वी आणि सायंकाळी पुन्हा तलावावर जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दुखणे अंगावर काढणे आणि पोहणे सरसकट बंद करणे, हे दोन्ही मार्ग सहसा अयोग्य ठरतात.

कारणे
२५ मीटरच्या फेरीत १६ हात मारणारा मुलगा ५ किलोमीटरच्या सत्रात ३,२०० हात मारतो. म्हणजे प्रत्येक खांदा १,६०० वेळा फिरतो. सांधा स्थिर ठेवणारे स्नायू थकले, की सुप्रास्पिनेटस स्नायूच्या कंडरेवर ताण येतो. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ ते २५ वयोगटातील ८० अव्वल जलतरणपटूंपैकी ९१ टक्क्यांनी खांदेदुखी असल्याचे सांगितले. आठवड्याला ३५ किलोमीटरहून अधिक पोहणाऱ्यांत कंडरेच्या विकाराची शक्यता चौपट आढळली. जुलै-ऑगस्टची सुटी भारतात घालवून परतताच पूर्ण सराव सुरू करणे म्हणूनच जोखमीचे ठरते.

उपचार
प्रथम अंतर व तीव्रता कमी करावी; हँड पॅडल आणि बटरफ्लाय थांबवावे. किकबोर्डवर हात पुढे ताणले जातात, त्यामुळे हात शरीरालगत ठेवून पायांचा सराव करावा. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवण्याचे आणि खांद्याच्या पात्याभोवतीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हा उपचाराचा गाभा होय. सांधे मुळातच सैल असलेल्या मुलांचे हात जोडीदाराकरवी मागे ताणणे टाळावे. पाण्यात शिरताना हात मध्यरेषा ओलांडतो का, श्वास एकाच बाजूने घेतला जातो का, हे प्रशिक्षकाने तपासावे. वेदनाशामक घेऊन सराव चालू ठेवल्यास धोक्याची सूचनाच दडपली जाते.

डॉक्टरांकडे केव्हा?
रात्री झोपमोड करणारी वेदना, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, सूज, ताप अथवा सांधा निसटल्याची जाणीव झाल्यास विलंब करू नये. वाढत्या वयात हाडांच्या वाढीच्या पट्टीलाही इजा होऊ शकते.

पुनरागमन
दैनंदिन हालचाली वेदनारहित झाल्या आणि दोन्ही खांद्यांची ताकद जवळपास समान झाली, की आधी अंतर, मग वेग आणि शेवटी पॅडल, असा क्रम ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढल्यास एक पायरी मागे यावे. एखादी स्पर्धा हुकली तरी चालेल. खांद्याला मात्र पुढची अनेक वर्षे साथ द्यायची असते.