व्हाइटअवे ते क्रॉसरोड्स : मुंबईची अस्तंगत दालने

मुंबईला 'डिपार्टमेंट स्टोअर' ही कल्पना साहेबाने दिली आणि सुरुवातीस ती साहेबापुरतीच होती. ब्रिटिश लष्कर व आरमारातील अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला स्थापन केलेल्या आर्मी अँड नेव्ही या सहकारी संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात काळा घोडा येथे आपले दालन थाटले. डेव्हिड ससून वाचनालयाच्या शेजारची ही दगडी इमारत अजून उभी आहे. संस्था स्वातंत्र्यानंतर गेली. पुढे त्याच वास्तूत टाटा समूहाचे 'वेस्टसाइड' आले.

हॉर्नबी रोडवरील, म्हणजे नंतरच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील, व्हाइटअवे लेडलॉचा थाट याहून थोडा उतरता. १८८२ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली ही पेढी मध्यम वेतनाच्या गोऱ्या नोकरदारांना माल पुरवी, तोही रोखीने. त्यामुळे तिला 'राइट-अवे अँड पेड-फॉर' असे टोपणनाव पडले होते. विलायती कापडाचा व्यापार करणाऱ्या या दुकानाच्या जागी पुढे खादी भांडार आले, हा इतिहासाचा मिस्कीलपणाच म्हणायचा.

देशी मालकीच्या दुकानांत अकबरअलीजचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८९७ मध्ये फोर्टात सुरू झालेल्या या दुकानाने १९५६ मध्ये डिपार्टमेंट स्टोअरचे रूप घेतले. खोराकीवाला कुटुंबाच्या या दुकानात औषधांपासून कपड्यांपर्यंत सारे एका छपराखाली आणि ठरलेल्या दराने मिळे. घासाघीस हा खरेदीचाच भाग मानणाऱ्या शहरात ही सवय रुजायला वेळ लागला. फोर्टातील त्या दुकानाचे दरवाजेही कालांतराने बंद झाले.

गिरणगावाने मात्र स्वतःची वाट काढली. १९४८ मध्ये नायगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे 'अपना बाजार' म्हणून घराघरांत पोहोचली. रास्त भाव आणि खात्रीचे वजनमाप एवढ्या भांडवलावर तिने पिढ्या जोडल्या. संस्था टिकून आहे, पण तो दबदबा उरलेला नाही. १९८२ च्या संपानंतर तिचा मूळ ग्राहकच विखुरला.

१९९१ मध्ये अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप' सुरू झाले आणि १९९९ मध्ये हाजीअलीजवळ 'क्रॉसरोड्स'. रोश या औषध कंपनीच्या जुन्या जागेवर पिरामल समूहाने उभारलेला सुमारे दीड लाख चौरस फुटांचा हा मॉल मुंबईतील पहिला. सरकते जिने व वातानुकूलित गारवा पाहण्यासाठी एवढी गर्दी लोटली की व्यवस्थापनाने अजब नियम केला : मोबाइल वा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरून आत या. त्या काळी या दोन्ही वस्तू मूठभरांकडेच होत्या. टीकेचा भडिमार झाल्यावर नियम मागे घ्यावा लागला. पण खरेदीच्या दालनात कोणाला घ्यायचे, हा आर्मी अँड नेव्हीच्या काळचा प्रश्न शतकानंतरही सुटला नव्हता, हे त्यातून दिसले.

त्याचे उत्तर २००१ मध्ये लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात 'बिग बझार'ने दिले. गर्दी हेच त्याचे भांडवल होते. याच बझारच्या फ्युचर समूहाने क्रॉसरोड्सही घेऊन त्याचे 'सोबो सेंट्रल' केले.

त्यानंतरच्या मॉलच्या लाटेत सगळेच तरले नाहीत. काही ठिकाणी विकासकांनी गाळे सुटे विकून टाकले. मालक शेकडो आणि धनी कोणीच नाही, अशा इमारतीत देखभालीची जबाबदारी कोण घेणार? भांडुपचा ड्रीम्स मॉल त्याचे विदारक उदाहरण. मार्च २०२१ मध्ये तेथे लागलेल्या आगीत मॉलमधील रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांचे बळी गेले.

फ्युचर समूह कर्जात बुडाला, २०२२ मध्ये 'बिग बझार' ही नाममुद्रा बाजारातून दिसेनाशी झाली. सोबो सेंट्रल २०२४ मध्ये ४७६ कोटी रुपयांना विकला गेला. खरेदीदार होता के. रहेजा कॉर्प, ज्या समूहाने अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप' सुरू केले तोच.