कार्बेन्डाझिमचे अवशेष : माती व पाण्यातील मापन

द्राक्षावरील भुरी व करपा, भुईमुगावरील टिक्का अशा रोगांवर वापरले जाणारे कार्बेन्डाझिम हे आंतरप्रवाही बुरशीनाशक शेतकऱ्यांना बाविस्टिन या नावाने परिचित आहे. ते सहजी वाफ होत नाही आणि तापवले की विघटते. म्हणून वायू क्रोमॅटोग्राफीपेक्षा द्रव क्रोमॅटोग्राफीच त्याला मानवते. सी-१८ कॉलममधून वेगळे झालेले द्रव्य अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून, किंवा वस्तुमान वर्णपटमापकात १९२ वस्तुमानाच्या आयनापासून सुटणाऱ्या १६० च्या तुकड्यावरून ओळखतात. मात्र यंत्र कितीही संवेदनशील असले, तरी नमुन्यातून त्याच्यापर्यंत जेवढे पोहोचले तेवढेच ते मोजते. या मापनाचे खरे मर्म निष्कर्षणात आहे.

पाण्याच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यातील एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. अर्धा लिटर पाणी शोषक भरलेल्या काडतुसातून सोडून, अडकलेले द्रव्य १ मिलीलिटर द्रावकात उतरवले, की तीव्रता पाचशेपट होते. पण ह्यूमिक द्रव्येही सोबत गोळा होतात आणि आयनीकरण दाबून आकडा खरा असेल त्याहून कमी दाखवतात. अवशेषमुक्त पाण्याच्या अर्कातच प्रमाण द्रावणे बनवणे किंवा समस्थानिक-अंकित कार्बेन्डाझिम घालणे हा त्यावरचा उपाय.

माती एवढी सरळ नाही. चाळलेल्या मातीत ज्ञात मात्रा मिसळून ॲसिटोनायट्राइलने ती परत काढतात. ७० ते १२० टक्के परत मिळाली, तर पद्धत ग्राह्य धरतात. ही कसोटी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. काल मिसळलेले द्रव्य कणांच्या पृष्ठभागावर असते. हंगामभर मुरलेले चिकणमातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत व सेंद्रिय पदार्थात शिरलेले असते आणि त्याच द्रावकाला तितके सुटत नाही. काळ्या, चिकणमातीयुक्त जमिनींत ही तफावत विशेष ध्यानात घ्यावी लागते.

जे द्रावकालाही सुटत नाही ते मुळांना वा गांडुळांना काय बाधणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो निराधार नाही. तात्कालिक धोका जाणायचा असेल, तर सौम्य कॅल्शियम क्लोराइड द्रावणाने निघणारा अंशच अधिक बोलका ठरतो. परंतु बद्ध अंश कायमचा बद्ध राहीलच असे नाही. जमिनीतील सेंद्रिय पदार्थ कुजताना त्यातला काही पुन्हा मोकळा होऊ शकतो. त्यामुळे कोणत्या द्रावकाने काढले आणि शोधमर्यादा किती होती, हे न सांगता दिलेला ‘आढळले नाही’ हा शेरा ग्राह्य धरू नये.

स्रोताबाबतही आकडा मौन राहतो. बेनोमिल हे दुसरे बुरशीनाशक पाण्यात व मातीत लवकर विघटून कार्बेन्डाझिमच बनते, थायोफेनेट-मिथाइलपासूनही तेच तयार होते; म्हणून कार्बेन्डाझिम सापडले एवढ्यावरून शेतात नेमके कशाची फवारणी झाली हे ठरवता येत नाही. युरोपीय नियमांत बेनोमिल व कार्बेन्डाझिम यांची बेरीज कार्बेन्डाझिमच्या रूपात मांडतात, ती याचमुळे.