मुसी नदीची तुगयानी आणि पूर मोजण्याची रीत

हैदराबादच्या जुन्या उर्दू लिखाणात २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराला ‘तुगयानी’ म्हटलेले आढळते. या मूळच्या अरबी शब्दात हद्द ओलांडणे, बंड करणे असा अर्थ आहे. प्रसिद्ध रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात वाहून गेल्या. त्यांची ‘कयामत-ए-सुगरा’ ही नज्म त्या आघातातून जन्मली. साहित्याच्या अभ्यासकांना हा पूर बहुधा एवढाच माहीत असतो. मात्र शहरातून वाहणाऱ्या पाण्याचा धोका आधीच कसा अजमावावा, या प्रश्नाच्या इतिहासातही तुगयानीला मोठे स्थान आहे, आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

मृतांची संख्या साधारणपणे पंधरा हजार सांगितली जाते. नदीवरील अन्य पूल पाण्याखाली गेले. १५७८ चा पुराना पूल टिकला. अफझलगंजमधील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने पुढील वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले होते आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते. दख्खनचा पाऊस आणि दख्खनची नदी त्यांना परकी नव्हती.

पूर आला त्या क्षणी तो मोजायला नदीकाठी कोणी उभे नसते. अभियंत्याच्या हाती मागाहून दोनच गोष्टी लागतात: भिंतींवर व पुलांवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा आणि पर्जन्यमापकाच्या नोंदी. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला होता. मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल. एवढ्या क्षेत्रावरून एक इंच पाणी वाहून आले, तर सुमारे २०० कोटी घनफूट पाणी होते. हा हिशोब वर्गात फळ्यावर सहज मांडता येण्यासारखा आहे. पुराचा सर्वोच्च प्रवाह ४,२५,००० क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट, असा काढण्यात आला.

हा आकडा किती असाधारण होता, हे एका तुलनेवरून कळते. कर्नल डिकन्स यांनी १८६५ मध्ये उत्तर भारतातील नद्यांवरून एक सूत्र बसवले होते: पाणलोट क्षेत्राचा पाऊण घात घेऊन त्याला ८२५ ने गुणायचे. या सूत्रात ८६२ चौरस मैल घातले तर उत्तर सुमारे १,३१,००० क्युसेक येते. मुसीला आलेला पूर त्याच्या तिपटीहून अधिक होता. क्षेत्रफळ पाहून नदीची ताकद ठरवणारे सूत्र पाऊस किती पडला हे विचारत नाही आणि वाटेत काय अडवलेले आहे हेही विचारत नाही. विश्वेश्वरय्यांनी नेमके हे दुसरे विचारले. मुसीच्या खोऱ्यात तेव्हा ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ फुटले होते. पिढ्यान्‌पिढ्या शेतीला आधार देणारा तलाव फुटला की खालच्या तलावावर कोसळतो आणि तोही जातो. शहरात शिरलेल्या पाण्यात आभाळातून पडलेल्या पाण्याबरोबर वर्षानुवर्षे न सांभाळलेल्या बांधांमागचे पाणीही होते. या अभ्यासाचे खरे मोल इथे आहे. धोका नदीच्या पात्रात उभे राहून मोजता येत नाही, तो वरच्या खोऱ्यात जाऊन मोजावा लागतो.

शहराच्या वरच्या बाजूस पूर अडवणारे दोन जलाशय बांधावेत, ही सूचना यातून आली. मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. हिमायतसागराशी नवाब अली नवाज जंग या कर्तबगार अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे ६९० कोटी घनफूट पाणी मावते. वरच्या हिशोबाने ते खोऱ्यावरून वाहून येणाऱ्या साडेतीन इंच पाण्याएवढे झाले. शिवाय पूर अडवण्यासाठी जलाशय रिकामा हवा आणि पिण्याच्या पाण्यासाठी भरलेला हवा. सप्टेंबरअखेरीस, म्हणजे १९०८ चा पूर ज्या दिवसांत आला त्याच दिवसांत, तो बहुधा भरलेलाच असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा मुसीच्या पात्रात बांधलेल्या महात्मा गांधी बस स्थानकात पाणी शिरले. या जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घालणारा १९९६ चा शासन आदेश क्रमांक १११ तेलंगणा सरकारने २०२२ मध्ये शिथिल केला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

तरीही गेल्या पंचवीस वर्षांत हैदराबादचे मोठे हाल मुख्यतः मुसीने केलेले नाहीत. ते शहराच्या आतल्या नाल्यांनी केले. हे नाले धरणांच्या खाली आहेत, त्यामुळे उस्मानसागर किंवा हिमायतसागर त्यांचा एक थेंबही अडवू शकत नाही. त्यांचे गणितही वेगळे आहे. एका एकरावर तासाला एक इंच पाऊस पडला आणि तो सगळा वाहून गेला, तर जवळजवळ बरोबर एक क्युसेक प्रवाह होतो. चौरस मैलाला ६४० क्युसेक. शेतजमिनीत यातले बरेच मुरते, सिमेंट आणि डांबरावर फारसे मुरत नाही. नालाकाठची शेते जाऊन वसाहत आली की पाऊस तोच राहून पूर वाढतो. मोठ्या खोऱ्यातला पूर यायला वेळ लागतो, नाल्याचा पूर मात्र तासाभरातही येतो. म्हणून इथे दिवसाच्या पावसाचा आकडा पुरत नाही, तासाचा किंवा पंधरा मिनिटांचा लागतो.

२४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेट येथे चोवीस तासांत सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला. कुकटपल्ली नाला आणि तो ज्याला मिळतो त्या सोळाव्या शतकातील हुसेनसागराच्या खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्यानंतर किर्लोस्कर कन्सल्टंट्सने २००३ मध्ये शहराच्या पावसाळी पाण्याचा आराखडा दिला. नाले रुंद करणे हा त्यातला मुख्य भाग होता, आणि नाल्याच्या काठावर घरे उभी राहिल्यावर तो कागदावर जितका सोपा तितका जमिनीवर नाही. अशा जागी राहणारे बहुतेक लोक स्वस्त जमिनीच्या शोधात तिथे आलेले असतात. पूररेषा कुठे आहे हे त्यांना खरेदीखत करताना कोणी दाखवलेले नसते.

ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा अतिवृष्टी झाली. काही दिवसांच्या अंतराने जुन्या शहराच्या दक्षिणेस आधी पल्ले चेरुवूचे पाणी अलीनगरात शिरले आणि मग बालापूरजवळील गुर्रम चेरुवूचा बांध फुटून हाफिज बाबानगरच्या गल्ल्यांतून लोंढा गेला. तेलुगूत ‘चेरुवू’ म्हणजे तलाव.