कुदळ हातात घेतलेले कारकून



आजचा विषय पाहून काही जणांनी फोन केले की, तत्त्वज्ञानाचे मास्तर भाजीपाल्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी गच्चीवर भाजी करायचं ठरवलं. पुस्तकं आणली, वाफे केले, सुरुवात सोपी म्हणून कोथिंबिरीपासून केली. पंधरा दिवस रोज पाणी घातलं. चारदोन कोंब दिसले, बाकी मातीच. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी एक दिवस वाफा उकरून पाहिला आणि हसू दाबत म्हणाल्या, "अहो सर, धणे अख्खेच टाकले का? रगडून एकाचे दोन करायचे असतात." पस्तीस वर्षं आम्ही ज्ञानमीमांसा शिकवली, म्हणजे 'जाणणे म्हणजे काय' हाच आमचा धंदा. आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला आहे. ज्याला काहीच येत नाही त्याला भाजी पिकवायला शिकवायचं तर काय काय लागतं? इतिहासात हा प्रयोग एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाला, तो इंग्लंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धात. आणि त्याच काळात आपल्याकडे काय झालं, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. आज तेवढंच करू.

युद्धापूर्वी ब्रिटनच्या अन्नापैकी जवळपास दोन तृतीयांश अन्न बोटीतून येई. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवू लागल्या तर बेट उपाशी मरणार, हे उघड होतं. ऑक्टोबर 1939 मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला तोच, तिथले शेतीमंत्री सर रेजिनल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना आवाहन केलं की, भाजीचे आणखी 5 लाख तुकडे आम्हाला हवेत. या मोहिमेला 'डिग फॉर व्हिक्टरी' हे नाव पडलं, विजयासाठी खणा. या डॉर्मन-स्मिथ साहेबांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकडे 'अलॉटमेंट' नावाची जुनी पद्धत आहे. ज्याच्या घराला परसू नाही त्याला नगरपालिका नाममात्र भाड्यानं जमिनीचा तुकडा देते. सर्वसाधारण माप 90 फूट बाय 30 फूट, आपल्या हिशेबानं अडीच गुंठे. युद्धाच्या सुरुवातीला असे 8 लाखांच्या आसपास तुकडे होते, 1943 पर्यंत ते 14 लाखांवर गेले. शिवाय घरापुढची हिरवळ उखडून भाजी लावणारे वेगळेच. टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकातही भाज्या लागल्या. बॉम्बपासून बचावासाठी अंगणात जे अर्धे पुरलेले पत्र्याचे निवारे होते, त्यांच्यावरच्या मातीत भोपळ्याच्या जातीचे वेल चढले.

आता, हे नवे बागवान कोण? बँकेतले कारकून, दुकानदार, शिक्षिका, गृहिणी. कुदळ कशी धरतात इथपासून तयारी! आणि त्यांनी केलेल्या चुका ऐकल्या तर आपल्याला आपलेच दिवस आठवतील. वसंत ऋतू आला की उत्साहानं बियांची अख्खी पुडी एकाच दिवशी पेरायची. मग उन्हाळ्यात सॅलडची पानं एवढी की शेजारीही घेईनात, आणि जानेवारीत, जेव्हा खरी गरज, तेव्हा वाफा रिकामा. सरकारला वेगळं पोस्टर काढून सांगावं लागलं की उन्हाळ्यासाठी लावता तसं हिवाळ्यासाठीही लावा. हिरवळ मोडून बटाटे लावले तर गवताच्या मुळांत राहणारी तारेसारखी अळी बटाट्यात शिरे. आपल्या हुमणीची आठवण व्हावी असाच प्रकार. पुस्तकात ते लिहिलेलं असे, पण बटाटा कापल्याशिवाय कळत नसे.

मजा म्हणजे चुका सरकारच्याही होत्या. मंत्रालयानं पहिली पत्रिका काढली, तिच्यात लागवडीचा आराखडा दिला, आणि जाणत्या माळ्यांनी त्यातले दोष दाखवले. मग सुधारलेला आराखडा आला. आम्हाला या मोहिमेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. सल्ला देणाराही शिकत होता आणि चूक झाली तर ती दुरुस्त करत होता. युद्धाच्या धामधुमीत हे सोपं नाही.

पत्रिकांपेक्षा मोठं काम केलं ते एका माणसाच्या आवाजानं. सी. एच. मिडलटन हे एका माळ्याचे चिरंजीव, बीबीसीवर रविवारी दुपारी बागेबद्दल बोलत. जेवण आटोपून लाखो लोक ऐकत बसत. उपदेश नाही, देशभक्तीचा गजर नाही. कुंपणापलीकडून शेजारी बोलावा तसं बोलणं. फुलांऐवजी कोबीबद्दल बोलावं लागतं याचं दुःखही ते लपवत नसत. नवशिक्याला काय हवं असतं? आपलं चुकलं तर आकाश कोसळत नाही, हे जाणकार माणसाच्या तोंडून ऐकायला हवं असतं.

कांद्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाशिकची मंडळी बसली आहेत इथे. इंग्लंडला बराचसा कांदा फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून आणि चॅनेल बेटांतून येई. 1940 मध्ये ते भाग जर्मनांच्या ताब्यात गेले आणि कांदा बाजारातून नाहीसा झाला. कचेऱ्यांमध्ये एकेका कांद्याची सोडत निघू लागली. एका कांद्यासाठी सोडत, बरं का! मग लोक हट्टाला पेटून कांदा पिकवायला शिकले. आम्हाला वाटतं, माणूस आवाहनानं जेवढा शिकत नाही तेवढा फोडणी अडली की शिकतो.

इथे आमचा विषय थोडा येऊ द्या. नोव्हेंबर 1945 मध्ये ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी ॲरिस्टॉटेलियन सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात एक भेद मांडला. अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. दुसरं पहिल्यातून आपोआप निघत नाही. राइल यांना त्यासाठी पुष्कळ युक्तिवाद करावा लागला. मराठीला नाही. पोहणं कसं असतं ते मला 'माहीत आहे' आणि मला पोहता 'येतं', हे आपण कधी गोंधळत नाही. धणे पेरावेत हे आम्हाला माहीत होतं. कोथिंबीर आम्हाला येत नव्हती.

पण मग ज्यांना 'येत होतं' त्यांचं काय झालं?

1905 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमध्ये पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत आले. आले होते शिकवायला. थोड्याच वर्षांत इथला शेतकरी आणि पिकांवरची कीड यांनाच त्यांनी आपले गुरू मानलं. पुढे होळकरांच्या इंदुरात त्यांनी पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन खत कुजवण्याची रीत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्ड आज सेंद्रिय शेतीवाल्या सगळ्यांना माहीत असतात, वाड कुणाला आठवत नाहीत. असो. युद्धकाळात इंग्लंडमधल्या कुठल्याकुठल्या परसात खताचा ढीग रचला जात होता, तेव्हा त्या विद्येत आपल्या शेतकऱ्याचाही वाटा होता.

त्याच शेतकऱ्याला 1942 मध्ये सरकारनं काय सांगितलं? 'अधिक धान्य पिकवा.'

आता डॉर्मन-स्मिथ साहेबांकडे येऊ. 1941 मध्ये ते ब्रह्मदेशचे गव्हर्नर झाले. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं, साहेब सिमल्याला आले, आणि ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात येणारा तांदूळ थांबला. जपानी येतील या भीतीनं बंगालच्या किनारी भागातल्या हजारो होड्या सरकारनं काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. होडी गेली म्हणजे नदीपलीकडचं शेत गेलं, मासेमारी गेली, बाजार गेला. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं. भाव कडाडले. 1943 च्या दुष्काळात किती माणसं मेली? सरकारी चौकशी आयोगानं 15 लाख म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात.

कुणी म्हणेल, भाजीच्या वाफ्याची आणि दुष्काळाची तुलना करू नये. आम्ही उत्पादनाची तुलना करत नाही आहोत. आम्ही पाहतो आहोत की कुणाला काय दिलं गेलं. लंडनच्या कारकुनाला काही येत नव्हतं. त्याला जमीन मिळाली, दुरुस्त केलेली पत्रिका मिळाली, रविवारी मिडलटन मिळाले, आणि पीक बुडालं तरी रेशनशिवाय मिळणारा पाव-बटाटा होताच, म्हणून त्याला चुकणं परवडत होतं. बंगालच्या कुळाला सगळं येत होतं. त्याला घोषणा मिळाली आणि त्याची होडी गेली.

स्वातंत्र्यानंतर घोषणा तीच राहिली. 1952 मध्ये व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीनं या मोहिमेची तपासणी केली आणि शेतकऱ्यापर्यंत सल्ला, साधनं घेऊन जाणारी कायमची यंत्रणा उभी करा असं सुचवलं. त्यातून 1953 मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा निघाली. घोषणेनंतर अकरा वर्षांनी. तिचं पुढे काय झालं तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यावर आमच्यापेक्षा इथे बसलेले एक-दोन निवृत्त ग्रामसेवक जास्त चांगलं बोलतील. त्यांनी बोलावं, आम्ही ऐकायला येऊ.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा प्रश्न घेऊ. जाता जाता, कोथिंबिरीचं काय झालं असं मघाशी कुणीतरी विचारलं. दुसऱ्या खेपेला धणे रगडून टाकले, उत्तम उगवली. पण एकाच दिवशी सगळी पेरली होती. दोन आठवडे जिन्यात जो भेटेल त्याच्या हातात जुडी देत होतो.