छपरावरचा फिडलवाला आणि आमची शारदा

मृच्छकटिकातील उज्जयिनी ती हीच. ते नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’चा पहिला प्रयोगही आम्हां उज्जैनकरांच्या शेजारीच, इंदुरास, १८९९ साली झाला. महाकालाचे देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारले. त्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांना हे नाटक परके वाटण्याचे कारणच नव्हते. कांचनभटासारखा लोभी बाप ओळखण्यासाठी त्यांना फार दूर पाहावे लागत नसे.

परंतु ‘शारदे’चे मर्म आम्हांस नीट उमगले ते एका यहुदी नाटकामुळे. यहुदी म्हटले की कोकणातल्या वाचकांस शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवारतेली, आठवतील. हे नाटक मात्र झारच्या रशियातील यहुद्यांचे. शोलेम अलायखेम यांच्या यिद्दिश कथांवरून रचलेले ‘फिडलर ऑन द रूफ’ १९६४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९७२ पर्यंत त्याचे ३,२४२ प्रयोग झाले. १९६७ साली ते टोकियोत गेले, तेव्हा इतके जपानी नाटक अमेरिकेतल्या लोकांना कळते तरी का, असे तेथील निर्मात्याने विचारल्याचे नाटककार जोसेफ स्टाइन सांगत. निर्माता मराठी असता तर त्यानेही हेच विचारले असते.

तेव्या हा गरीब दूधवाला. पदरी पाच मुली, हुंड्यास पैसा नाही. थोरलीस गावचा धनिक, बापाच्या वयाचा विधुर खाटीक मागणी घालतो आणि तेव्या शब्द देऊन बसतो. मुलीचे मन एका गरीब शिंप्यावर. बाप विरघळतो, पण बायकोची समजूत कशी घालावी? तेव्या स्वप्न पडल्याचे सोंग करतो. स्वप्नात म्हणे बायकोची मृत आजी शिंप्याच्या स्थळास आशीर्वाद देते, आणि खाटकाची मेलेली पत्नी थडग्यातून उठून धमकावते! पूर्वजांचा कौल मिळाल्यावर बायको कसली नाही म्हणते? रूढीचा फास रूढीच्याच सुरीने कापला जातो.

देवलांनी हीच सुरी पासष्ट वर्षे आधी हाती घेतली होती. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ पैशाच्या बळावर बोहल्यावर उभा राहतो. तरुण कोदंडाचे सुधारणेचे सारे विचार त्याच्यापुढे व्यर्थ ठरतात. लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघड झाल्याने. पुढे शारदा जीव द्यावयास निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्यांचा विवाह होतो.

याला कोणी पळवाट म्हणेल. कायद्याच्या अभ्यासकास तसे म्हणवत नाही. हरबिलास सारडांच्या पुढाकाराने १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला (नामसाम्यामुळे आपल्या लोकांनी त्याचा ‘शारदा कायदा’ करून टाकला). चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणाऱ्या एकवीस वर्षांवरील पुरुषास त्यात महिनाभराची साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. लग्न मात्र कायमच! म्हणजे त्या कायद्याखाली भुजंगनाथ महिन्याने सुटून घरी आला असता, आणि शारदा तेथे त्याची पत्नी म्हणूनच असती. सगोत्रतेच्या दोषाने निदान ती सुटली. १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहावरील बंदी उठली. सुधारकांच्या त्या योग्य विजयात देवलांचे हत्यार तेवढे निकामी झाले.

तथापि तेव्याची कथा ‘शारदे’च्या पुढे जाते हे मान्य केले पाहिजे. त्याची तिसरी मुलगी ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते. येथे स्वप्न चालत नाही, पूर्वज मदतीस येत नाहीत. ती आपल्याला मेली, असे तो म्हणतो.

आमच्याकडे सल्ल्यास येणारे वडील अजूनही आधी गोत्र आणि कुलदेवता सांगतात, मग मुलीने काय केले ते सांगतात. मुलगी सज्ञान असेल तर कायद्याचे उत्तर एका वाक्याचे असते. ते ऐकूनही माणूस खुर्चीवरून उठत नाही. अशा वेळी आम्हांस नाटकाचा शेवट आठवतो. झारच्या हुकुमाने गाव रिकामे होत आहे. तिसरी मुलगी निरोप घ्यावयास येते. तेव्या तिच्याकडे पाहत नाही, सामान बांधीत राहतो. मात्र तोंडातल्या तोंडात, देव तुमच्याबरोबर असो, अशा अर्थाचे काही पुटपुटतो. आणि थोरली मुलगी ते शब्द मोठ्याने बहिणीस ऐकवते.