निःपक्षपात व राजकीय नेतृत्व (नांदेड–लातूर)

सत्तेचा वापर, साधनसंपत्तीचे वाटप आणि वादांचा निवाडा करताना स्वकीय-परकीय असा भेद न मानता सर्वांना एकच नियम लावण्याच्या वृत्तीस निःपक्षपात म्हणतात. ज्याला त्याला त्याच्या वाट्याचे देणे म्हणजे न्याय आणि कोणतीही बाजू न घेणे म्हणजे तटस्थता. या तीन संकल्पना व्यवहारात एकमेकींत मिसळतात. परंतु त्या एक नव्हेत. राजाने पुत्र व शत्रू यांना अपराधानुसार सारखाच दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. ॲरिस्टॉटलच्या मते समानांना समान वाटा देणे हा वाटपातील न्याय होय. मात्र असमानांना समान वाटा दिल्यास अन्याय होतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) याने तर प्रशासक व राजकीय नेता यांत भेद केला : प्रशासकाने रागलोभविरहित काम करावे, नेत्याने मात्र बाजू घ्यावी आणि तिची जबाबदारी स्वतः उचलावी. तेव्हा निःपक्षपातामुळे नेतृत्व चांगले ठरते काय, या प्रश्नाचे उत्तर निःपक्षपात कोणत्या बाबतीत, यावर अवलंबून राहते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा विसाव्या शतकातील राजकीय इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

निजामी राजवटीत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत होता (लातूर हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता). हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली. तिचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) हे संन्यासी होते. हिप्परगा व अंबाजोगाई येथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थांतून त्यांनी कार्यकर्ते घडविले. धर्म व भाषा यांबाबत ते निःपक्षपाती होते. राजवटीबाबत तटस्थ नव्हते. लढा मुस्लिमांशी नसून अनियंत्रित सत्तेशी आहे, ही त्यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर ते १९५२ व १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून आले. तथापि त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. त्यांच्या नैतिक अधिकाराचे एक कारण या निरिच्छपणात होते.

या भूमिकेची खरी कसोटी सप्टेंबर १९४८ नंतर लागली. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या प्रदेशात पोलीस कारवाईनंतर मुस्लिम रहिवाशांवर हल्ले झाले. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या शिष्टमंडळाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले जिल्हे म्हणून नोंदविले. त्यांचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. जेत्यांच्या बाजूच्या अपराधांची नोंद दडून राहणे ही निःपक्षपाताची उणीवच होय. कारण पराभूत गटालाही कायद्याचे तेच संरक्षण मिळते काय, यावरून नव्या सत्तेची योग्यता ठरते.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर या भागातून राज्यस्तरीय नेतृत्व उदयास आले. नांदेडचे नगराध्यक्ष म्हणून कार्य केलेले शंकरराव चव्हाण (१९२०–२००४) हे १९७५–७७ व १९८६–८८ या काळांत मुख्यमंत्री होते. काटेकोर शिस्तीमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हटले जाई. प्रत्येक खर्चाचे समर्थन नव्याने मागणारा शून्याधारित अर्थसंकल्प त्यांच्या कारकीर्दीत राज्यात आला. ओळखीपेक्षा नियम श्रेष्ठ, या त्यांच्या धोरणाने प्रशासनात दरारा निर्माण झाला. पण पक्षांतर्गत पाठबळ टिकविणे त्यांना कठीण गेले आणि दोन्ही वेळा त्यांची कारकीर्द अल्पकालीन ठरली. शिवाय त्यांच्या पहिल्या कारकीर्दीचा बराचसा काळ आणीबाणीचा होता. विरोधकांना विनाचौकशी स्थानबद्ध करणाऱ्या व्यवस्थेत वैयक्तिक सचोटी पुरेशी पडत नाही, हेही त्यावरून दिसते.

त्यांची दुसरी नियुक्ती ज्या परिस्थितीत झाली, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर हे जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कन्येच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणांमध्ये फेरबदल झाल्याच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिकूल ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वातंत्र्यलढ्यातील सहभाग व दीर्घ लोकसेवा यांची पुण्याई असलेल्या नेत्यालाही पक्षपाताच्या संशयाने पद सोडावे लागले. लोक नेत्याचे अपयश क्षम्य मानतात. नियम आपल्या मुलांना एक आणि त्याच्या मुलांना दुसरा, ही भावना मात्र विश्वासाच्या मुळावर येते.

साधनसंपत्तीच्या वाटपात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. नागपूर करारात (१९५३) विदर्भ व मराठवाडा यांना विकासनिधी, शिक्षण व नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात अनुशेष वाढला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सु. ३,१८७ कोटी रु. व त्यांपैकी मराठवाड्याचा सु. ७५१ कोटी रु. असल्याचे दाखविले. मराठवाड्यातील मंत्र्याने आपल्या प्रदेशासाठी जायकवाडीसारखा प्रकल्प आग्रहाने पुढे नेणे हा पक्षपात की जुन्या पक्षपाताची दुरुस्ती, हा वाद त्यामुळेच उद्‌भवतो. हा वाद व्यक्तीच्या सद्‌भावनेवर न सोडता मोजमाप व कायदा यांच्या आधारे सोडविणे इष्ट ठरले. मराठवाड्यासह तीन वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली (त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली). लातूरचे विलासराव देशमुख (१९४५–२०१२) मुख्यमंत्री असताना २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही प्रादेशिक न्यायाने स्थानिक न्याय आपोआप साधत नाही. मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच खोऱ्यातील ऊस व पिण्याचे पाणी यांत अग्रक्रम कोणाचा, हा प्रश्न मराठवाड्याला बाहेरून विचारता येण्याजोगा नव्हता.

तटस्थतेच्या मर्यादा नामांतराच्या प्रश्नात स्पष्ट झाल्या. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्याला त्यांची मोठी झळ पोहोचली. दोन्ही पक्षांना सांभाळण्याच्या भूमिकेतून अंमलबजावणी लांबत गेली व नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. आक्रमक व आक्रमणग्रस्त यांच्यापासून सारखेच अंतर राखणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. त्याचा भार दुर्बलावरच पडतो.

एकच नियम सर्वांना लावूनही विषमता कशी टिकते, याचे उदाहरण किल्लारी भूकंपानंतरच्या (३० सप्टेंबर १९९३) पुनर्वसनात आढळते. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे क्षेत्र जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौ. फुट असे ठरले. नियम जाहीर असल्याने वशिल्याला वाव कमी राहिला. तथापि भूकंपापूर्वीची उतरंड नव्या गावांच्या आराखड्यातही उतरली.

वरील अनुभवांवरून असे म्हणता येईल, की निःपक्षपात ही चांगल्या नेतृत्वाची आवश्यक, पण अपुरी अट आहे. नियमांच्या अंमलबजावणीत तो निरपवाद असावा लागतो. वाटपात त्याला मागे पडलेल्यांच्या गरजेची जोड द्यावी लागते. आणि अन्याय घडत असताना बाजू घेण्याचे धैर्य लागते. ज्यांनी मत दिले नाही, त्यांनाही ज्याचा निर्णय मान्य करावासा वाटतो, तो नेता या तिन्ही कसोट्यांना उतरतो.