घोड्याच्या मुखातून

‘स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ सरळ आहे: बातमी मध्यस्थांकडून न येता थेट जाणकाराकडून, बहुधा ज्याच्याविषयी ती आहे त्याच्याचकडून, मिळालेली. पण जाणकार म्हणून घोडाच का, याचे जे उत्तर सर्रास दिले जाते ते मला पटत नाही. घोड्याचे वय दातांवरून ठरते. विकणारा खोटे बोलेल, दात बोलणार नाहीत, म्हणून हा वाक्प्रचार, असे ते उत्तर. दातांची परीक्षा जुनी आहे हे खरे. दान मिळालेल्या घोड्याचे तोंड पाहू नये ही म्हण जॉन हेवुडच्या १५४६च्या संग्रहात आहे, आणि धर्माच्या गाईचे दात आपणही मोजत नाही. परंतु दात पाहावयाचे असतात, ऐकावयाचे नसतात. शिवाय प्रस्तुत वाक्प्रचार छापील इंग्रजीत आढळू लागतो तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी, आणि तोही शर्यतीच्या बोलीत. घोडेबाजारातून तो आला असता तर त्याने इतकी शतके वाट का पाहावी?

शर्यतीवर पैसे लावणारा ‘आतल्या’ बातमीच्या शोधात असतो. जॉकी सांगेल ते चांगले, घोडा तयार करणारा सांगेल ते अधिक चांगले, रोज खरारा करणारा मोतद्दार सांगेल ते त्याहून विश्वसनीय. त्याच्याही पलीकडे उरतो तो घोडा! दातांची उपपत्ती ही थट्टाच मारून टाकते.

आल्डस हक्स्ले ही थट्टा विसरला नव्हता. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’च्या (१९३२) आरंभी संचालकांचा शब्द न् शब्द वह्यांत उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात तो हाच वाक्प्रचार योजतो, आणि अधिकारवाणीचे हसे होते. जॉइस केरीने १९४४मध्ये एका चित्रकाराच्या कादंबरीला ‘द हॉर्सेस माउथ’ हेच नाव दिले.

हा वाक्प्रचार अनुवादात आला तेव्हा मला दध्यङ् आथर्वणाचा मोह पडला. मधुविद्या दुसऱ्यास सांगितल्यास शिरच्छेद करीन, अशी इंद्राची धमकी. म्हणून अश्विनीकुमारांनी त्याला घोड्याचे मस्तक बसविले आणि त्या मुखातून विद्या ऐकली. इंद्राने ते मस्तक तोडल्यावर त्यांनी मूळचे पुन्हा जोडले. आपल्याकडे ज्ञान अक्षरशः घोड्याच्या तोंडून आले आहे! मात्र तेथे थट्टा नाही. तेथे मस्तकाची किंमत आहे. पैजेच्या कुजबुजीला ते वजन पेलवले नसते. मी ‘खुद्द त्याच्याच तोंडून’ असे लिहिले, आणि घोडा मूळ पानावरच राहिला.